पाऊणपटीचं गणित आणि लॉस्ट कोस्ट : तयारीच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

परमिट मिळालं. तारखा २९ मे ते १ जून, माणसं दोन : मी आणि मंदार. लेक म्हणाली, "तुम्ही जा, मी घर सांभाळते." घर सांभाळणं म्हणजे काय ते मला माहीत आहे, पण असो.

या वहीचा उपयोग काय ते आजच लिहून ठेवते. सह्याद्रीतल्या ट्रेकची तयारी आम्ही कधी लिहून केली नाही. सॅक भरली, शेवटची एसटी पकडली, झालं. इथे तसं चालणार नाही. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला किंग रेंज नावाचा डोंगर थेट समुद्रात उतरतो. त्याचं सर्वांत उंच टोक ४,०८८ फूट आणि तिथून समुद्र जेमतेम तीन मैलांवर. किनाऱ्याने जाणारा हायवे वन इथे हात टेकतो आणि आत वळून लेगेटला हायवे १०१ ला जाऊन मिळतो. रस्ताच नसल्यामुळे हा किनारा मोकळा राहिला, म्हणून नाव लॉस्ट कोस्ट. मॅटोल नदीच्या मुखापासून शेल्टर कोव्हच्या ब्लॅक सँड्स बीचपर्यंत सुमारे २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर. चढ जवळपास नाहीच. राजमाची-ढाक केलेल्या माणसाला हे ऐकून हसू येतं. मंदारला आलं.

गंमत पुढे आहे. या २५ मैलांत तीन पट्टे असे आहेत की भरतीला तिथे वाट उरतच नाही. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पॅसिफिक. पहिला पट्टा पुंटा गोर्डाच्या टोकाजवळचा, छोटा. दुसरा सी लायन गल्च ते रँडल क्रीक, चार मैलांचा. तिसरा मिलर फ्लॅट ते गिचेल क्रीक, तोही चार मैलांचा.

१३ जानेवारी, सोमवार

आज पौष पौर्णिमा. मुद्दाम आजच्या दिवशी भरतीचा तक्ता उघडला, कारण अण्णांचं सूत्र तपासायचं होतं.

गुहागरकडे हे सूत्र पोराटोरांना पाठ असतं : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, सहा वाजता पूर्ण भरती. त्यात सहा तास मिळवा, की सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. अण्णा याच हिशोबावर कालवं काढायला जायचे आणि याच हिशोबावर आईला सांगायचे की जेवायला किती वाजता येईन. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा येतो, त्याच्या मागोमाग पाणीही. एवढंच त्यातलं विज्ञान.

पौर्णिमा म्हणजे पंधरा. पाऊणपट सव्वाअकरा. शेल्टर कोव्हचा तक्ता मात्र सकाळची भरती दहाच्या आतच दाखवतो. दीड तासाचा फरक. सूत्रातला 'पाऊण' इथेही चालतो, पण सुरुवातीचा आकडा कोकणच्या किनाऱ्याचा आहे, तो इथे लागू नाही. प्रत्येक बंदराचा आकडा वेगळा असतो, हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. गरजही पडली नव्हती म्हणा.

दुसरा घोळ मोठा. इथल्या दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात, आणि दोन ओहोट्याही. आपल्याकडेही थोडा फरक असतो, पण इथे तो ढळढळीत आहे. आज सकाळची भरती चांगली मोठी, रात्रीची तिच्यापेक्षा लहान. ओहोटीचंही तसंच : एक खरी, एक नावाची. उन्हाळ्याकडे जाताना हे उलटतं आणि खरी ओहोटी पहाटे येते. म्हणजे मे महिन्यात दुपारी 'ओहोटी आहे' म्हणून निघालेला माणूस दुय्यम ओहोटीच्या भरवशावर निघालेला असतो.

रात्री अण्णांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग तिकडचा समुद्र शिकायला हवा गो बाय. आपला आणतेस कशाला?"

२ फेब्रुवारी

मिशन पीकला पाठीवर ११ किलो घेऊन चढलो. वर जायला त्रास नाही. उतरताना मंदारचा डावा गुडघा बोलायला लागला. तो म्हणतो काही नाही. मी लिहून ठेवते : काही आहे.

१६ फेब्रुवारी

फिजिओथेरपिस्टने गुडघ्याला व्यायाम दिलेत : भिंतीला पाठ लावून बसणं, एका पायावर पायरी उतरणं. मंदार जिना उतरताना आता कथकलीसारखा दिसतो.

आज लक्षात आलं की डोंगर चढण्याचा सराव आमच्या फारसा कामाचा नाही. या वाटेवर तीन प्रकारचं चालणं आहे : मऊ वाळू, नारळाएवढे गुळगुळीत धोंडे, आणि मध्ये मध्ये गवताळ सपाटी. सपाटी सोपी. वाळूत पोटऱ्या भरतात, धोंड्यांवर घोटे. तेव्हा आता दर रविवारी हाफ मून बेकडे जाऊन कोरड्या वाळूतच चालायचं. ओल्या वाळूत चालणं म्हणजे फसवणूक.

८ मार्च

जेवणाचा डबा. हा विषय एका नोंदीत संपणारा नाही.

किंग रेंजमध्ये अस्वलांसाठी कडक कवचाचा डबा सक्तीचा आहे. अस्वलाला उघडता येत नाही असा जाड प्लास्टिकचा पिंप, झाकण नाण्याने फिरवायचं. खाण्याचं सगळं त्यात, शिवाय वास येणारंही सगळं : टूथपेस्ट, सनस्क्रीन, ओठांचं मलम. रात्री तो तंबूपासून लांब ठेवायचा. भाड्याने मिळतो, माणशी एक घेणार.

मी आधी वजनाचा विचार करत होते. चूक. अडचण आकारमानाची आहे. चिवडा म्हणजे बहुतांशी हवा. पोहे थोडे बरे. भाकरी पहिल्या दिवसापुरतीच. आज स्वयंपाकघरात पिंपाएवढं पातेलं मांडून भरून पाहिलं. जिंकले ते सातूचं पीठ, मेतकूट, डिंकाचे लाडू (चेपून, लाडूपण गेलं तरी चालेल), आणि भाजणी. भाजणी गरम पाण्यात कालवून वरून तूप घातलं की उकडपेंडीच्या जवळपास जातं. मंदार म्हणाला, "जवळपास म्हणजे किती मैल?"

आमटी शिजवून, ओव्हनमध्ये मंद आचेवर पापडासारखी सुकवली. तुरीची भंगली, मुगाची छान झाली. परत गरम पाण्यात टाकली की दहा मिनिटांत मूळपदावर.

पाण्याची चिंता नाही. डोंगरातून ओढे उतरतात, गाळणी नेली की झालं. या डोंगरात हनीड्यूच्या बाजूला वर्षाला १०० इंचांवर पाऊस पडतो. म्हणजे कोकणाशी पंक्तीला बसवावं असा, फक्त तो पडतो हिवाळ्यात.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारली, श्रीखंड खाल्लं आणि पॉइंट रेयेसला गेलो. काल अमावास्या होती, म्हणजे उधाणाचे दिवस. कोस्ट कॅम्पजवळच्या किनाऱ्याने दक्षिणेला गेलं की स्कल्प्चर्ड बीच लागतो. ओहोटीला तिथल्या खडकांना वळसा घालता येतो, भरतीला नाही. आमच्या पट्ट्यांची छोटी आवृत्ती. म्हणून सरावाला हीच जागा निवडली.

फेब्रुवारीत छापून ठेवलेला तक्ता खिशात होता. संध्याकाळी पाचच्या सुमारास ओहोटी. आम्ही बरोबर पाचला टोकाशी. आणि समोर पाणी. गुडघाभर, लाट आली की मांडीपर्यंत. मंदार म्हणाला थोडं थांबू, उतरेल. मी म्हटलं, "उतरेल कसं? आत्ता सर्वांत कमी आहे. यापुढे चढणार." माझा तक्त्यावर पूर्ण विश्वास होता. परत फिरलो. दोनशे पावलं गेल्यावर मागे वळून पाहिलं तर ओली वाळू रुंद झालेली. पाणी उतरत होतं.

अर्धा तास एका ओंडक्यावर बसून नुसतं बघत राहिलो. सहाच्या आधी वाट मोकळी झाली आणि आम्ही तिथे पाय न ठेवता घरी आलो, कारण अंधार पडणार होता आणि मला स्वतःचा राग आला होता.

कारण घरी येऊन सापडलं. तक्ता छापताना वेळेचा पर्याय निवडावा लागतो. मी प्रमाणवेळ निवडली होती. ९ मार्चला इथली घड्याळं तासभर पुढे गेली, खिशातला कागद होता तिथेच राहिला. कागदावरचे पाच म्हणजे घड्याळातले सहा. अठरा वर्षं इथे राहूनही दरवर्षी घड्याळ हलवायचं असतं ही गोष्ट माझ्या हाडात उतरलेली नाही.

आज काही बिघडलं नाही. पण हीच चूक लांब पट्ट्यावर झाली असती तर? सुकतीच्या दोन तास आधी शिरतोय असं समजून तीन तास आधी शिरलो असतो, कड्याखाली, चढत्या नाही तरी अजून न उतरलेल्या पाण्यात. मे महिन्याचा तक्ता आत्ताच नव्याने छापला, वर लाल पेनने लिहिलं : उन्हाळी वेळ.

अण्णांना सांगितलं तर हसायलाच लागले. "घड्याळ पुढं करतात? आणि समुद्राला कोण कळवतं?"

१२ एप्रिल

तंबू. वाळूत खुंट्या धरत नाहीत. लेकीचा जुना वाळूचा हौद मागच्या अंगणात आहेच. छोट्या कापडी पिशव्यांत वाळू भरली, दोरी बांधली, हातभर खोल आडव्या पुरल्या. मंदारने लोंबकळून ओढलं, हलल्या नाहीत. शेजारचे आजोबा कुंपणावरून बघत होते. काही विचारलं नाही.

तिथे वारा वायव्येकडून येतो, उन्हाळ्यात तर जोरात. म्हणूनच बहुतेक लोक उत्तरेकडून दक्षिणेकडे चालतात. वारा पाठीशी. आम्हीही.

२७ एप्रिल, रविवार

रंगीत तालीम झाली. काल पालोमारिनहून वाइल्डकॅट कॅम्प, पाठीवर पूर्ण ओझं : माझं साडेबारा किलो, मंदारचं चौदा. मुक्काम केला आणि आज पहाटे अंधारातच ओहोटीला किनाऱ्याने अलामेरी धबधब्यापर्यंत गेलो. कड्यावरून पाणी थेट वाळूवर पडतं. पाच मिनिटं पाहिलं. बाकी वेळ घड्याळ.

कॅम्प ते धबधबा, साधारण एक मैल. मऊ वाळूत, ओझ्यासह चाळीस मिनिटं. यात धोंडे नाहीत. धोंडे धरले तर मैलाला पन्नास मिनिटं. म्हणजे चार मैलांचा पट्टा तीन तास वीस मिनिटं, पाणी प्यायला, बूट नीट करायला धरून साडेतीन. या पूर्ण तालमीतून एवढाच एक आकडा हवा होता.

साडेतीन तास ओहोटीच्या मध्यावर बसवायचे. सुकतीच्या पावणेदोन तास आधी शिरायचं, तेवढंच नंतर बाहेर. पाण्याची उंची तक्त्यात तीन फुटांखाली असेल तेवढाच वेळ आपला. शून्य फूट म्हणजे तिथल्या रोजच्या खालच्या ओहोटीची सरासरी. उधाणाच्या दिवसांत पाणी त्याच्याही खाली, उणे आकड्यात जातं.

इथे मी बराच वेळ अडकले होते. आधी वाटत होतं की भांगाचे दिवस, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे, सुरक्षित. भरती लहान असते ना. पण भांगाला ओहोटीही लहान. पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही आणि वाट दिवसभर अर्धवट राहते. उधाणाला भरती भयंकर, पण ओहोटीत अंगण मोकळं होतं. फक्त वेळ पाळायची. २६ मेच्या संध्याकाळी अमावास्या. २९, ३० आणि ३१ ला पहाटेची ओहोटी शून्याखाली किंवा शून्याच्या आसपास, आणि रोज सुमारे पाऊण तास उशिरा : पावणेसात, साडेसात, सव्वाआठ. जानेवारीत तारखा निवडताना मी हे पाहिलं नव्हतं. मेमोरियल डेच्या सुट्टीची गर्दी टळावी एवढंच डोक्यात होतं. नशीब.

१० मे

भांडण. नोंद करणं भाग आहे.

वेळापत्रक मांडलं. २८ ला ब्लॅक सँड्सला गाडी लावून शटलने मॅटोलला, दोन तासांचा रस्ता, तिथेच मुक्काम. २९ ला पहाटे निघून ओहोटीत पुंटा गोर्डा ओलांडायचं, दीपगृह बघायचं आणि सी लायन गल्चच्या अलीकडे थांबायचं. ३० ला दुसरा पट्टा, मग सपाटीने बिग फ्लॅटपर्यंत. ३१ ला तिसरा पट्टा, गिचेल क्रीकला मुक्काम. १ ला उरलेले चार मैल.

मंदार : "पहिल्या दिवशी चार-साडेचार मैल? सकाळी आठला तंबू ठोकून करायचं काय?"

मी : "बसायचं."

मंदार : "आणि दुसऱ्या दिवशी बारा? हे कुठलं नियोजन? आपण पाच महिने पोटऱ्या कशासाठी कमावल्या?"

त्याचं म्हणणं, पहिल्याच दिवशी दोन्ही पट्टे ओलांडावे. कागदावर दाखवलं : पावणेसातला ओहोटी, आठला सी लायन गल्च, तिथून साडेतीन तास, म्हणजे साडेअकराला आपण चढत्या पाण्यात, कड्याखाली. मध्ये कूस्की क्रीक आहे, ओढ्याच्या घळीत वर जाऊन थांबता येतं. पण ती अडचणीतली जागा, मुक्कामाचा बेत नव्हे. तो गप्प झाला. पटल्यामुळे की कंटाळल्यामुळे ते कळलं नाही. रात्री भांडी घासताना म्हणाला, "दीपगृहाबद्दल वाचलंस का?"

म्हणजे पटलं.

(वाचलं. १९०७ मध्ये कोलंबिया नावाचं प्रवासी जहाज या किनाऱ्याजवळ बुडालं, त्यानंतर पुंटा गोर्डाच्या दिव्याच्या मागणीला जोर आला. १९१२ मध्ये दिवा लागला, १९५१ मध्ये विझला. जागा इतकी आडबाजूची की दीपगृहांतलं अल्काट्राझ, म्हणजे बेटावरचा तो तुरुंग, म्हणायचे. आता तिथे एलिफंट सील लोळत असतात. त्यांच्यापासून लांब राहायचं. सकाळी आठनंतर करायला एवढं पुरेल.)

१७ मे

किरकोळ. सॅटेलाइट मेसेंजर चालू करून पाहिला, लेकीच्या फोनवर निरोप पोचला. वाटेत मोबाइलला रेंज नाही. लांब बाह्या आणि लांब पँट, कारण गवतात गोचिड्या, कडेला अंगाला खाज आणणारं पॉइझन ओक, आणि उन्हात रॅटलस्नेक. शौचाचा नियम वाचून मंदार चक्रावला : भरतीरेषेखालच्या ओल्या वाळूत खड्डा. एरवी पाण्यापासून लांब जा म्हणतात, इथे समुद्राकडेच. ओढ्यापासून मात्र दूर.

२४ मे

तक्ता लाटांबद्दल काहीच सांगत नाही, हे विसरायला होतं. तो फक्त चंद्रसूर्याचा हिशोब. दूर समुद्रात वादळ असेल तर ओहोटीतही लाट कड्याला लागते. आणि इथे स्नीकर वेव्ह म्हणतात तशी लाट येते : वीस मिनिटं सगळं शांत, मग एकच अशी की उभा माणूस ओढला जातो. अण्णांच्या भाषेत, समुद्राकडे पाठ करायची नाही.

आमचा नियम ठरला आणि दोघांनी सह्या केल्या (हो, खरंच) : युरेकाच्या हवामान कार्यालयाच्या सागरी अंदाजात लाटा दहा फुटांच्या वर असतील तर निघायचं नाही. वाटेत वाढल्या तर पट्ट्याच्या अलीकडे थांबायचं. त्यासाठी डब्यात एका जादा दिवसाचं जेवण. त्यापायी चिवडा पूर्ण बाद झाला. शेवटची मूठ मी उभ्याउभ्या खाल्ली.

२७ मे

अंदाज : लाटा पाच ते सात फूट, वारा वायव्य. जायचं.

सॅकचं वजन : माझी तेरा, मंदारची साडेचौदा. गुडघ्याचा पट्टा त्याने स्वतःहून घेतला.

२८ मे, मॅटोल, संध्याकाळ

फ्रीमाँटहून रात्री अडीचला निघालो, शटल चुकू नये म्हणून. गार्बरव्हिलला रेंज होती तेव्हा अण्णांचा आवाजी निरोप ऐकला. त्यांनी पंचांग काढून बसून हिशोब केला होता. "उद्या ज्येष्ठ शुद्ध तृतीया. तीन पाऊण सव्वादोन. म्हणजे आपल्याकडं सुकती सव्वाआठला. तुझी किती म्हणालीस, पावणेसात? दीड तास आधी. ध्यानात ठेव हां, दीड तास." पाच महिन्यांपूर्वी पौष पौर्णिमेला मी जो फरक काढला होता, तोच. त्यांनी तो लक्षात ठेवला होता की पुन्हा काढला, विचारायला आता रेंज नाही.

वारा इतका आहे की वहीचं पान एका हाताने धरावं लागतंय. वाळूच्या पिशव्या पुरल्यात. डबे तंबूपासून तीस पावलांवर, दगडाच्या आडोशाला. मंदार झोपला. गजर सव्वाचारचा, आणि तो कोणत्या वेळेत लावलाय ते मी तीनदा तपासलं.

बाहेर भरती चढतेय. उन्हाळ्यातली मोठी, रात्रीची.